रंगाने भुलवणारे मऊ खडे आणि त्यांचे कोंदण

आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात जळगावच्या सराफ बाजारात थोडा वेळ थांबले, तर आपल्या माणसांची सोने घेण्याची चिकाटी पाहायला मिळते. किती कॅरेट, घट किती, मजुरी किती, हॉलमार्क कुठे उमटवला आहे, हे सगळे विचारल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. त्याच दागिन्यात निळा, हिरवा किंवा जांभळा खडा बसवायचा असला, की मात्र सारी चौकशी रंगापाशी थांबते. रंग मनात भरला, की अंगठी करायची हे आधीच ठरलेले असते आणि खडा त्या अंगठीत बसवला जातो. दोन-तीन वर्षांनी त्या खड्याचे पाणी उतरते, कडा बोथट होतात, एखादा कोपरा उडतो, आणि मग दोष सोनाराच्या माथी मारला जातो किंवा खडा नकली होता असे ठरते. बहुतेक वेळा खडा अस्सलच असतो, फक्त तो चुकीच्या दागिन्यात बसलेला असतो. म्हणून मऊ खड्यांच्या बाबतीत क्रम उलटा हवा, म्हणजे आधी खडा ओळखायचा, त्याचे दुबळेपण कशात आहे ते पाहायचे आणि मग त्याचा कोणता दागिना करायचा हे ठरवायचे. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

आधी ‘मऊ’ या शब्दाचा अर्थ समजून घेऊ. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजांची एक उतरंड लावली. तिच्यात वरचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते आणि खालचे वरच्यावर काढू शकत नाही. सर्वांत खाली शंखजिरे म्हणजे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, अ‍ॅपेटाइट ५, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक ७, पुष्कराज म्हणजे टोपाझ ८, माणिक आणि नीलम यांचे कुरुविंद ९ आणि हिरा १०. हे आकडे केवळ क्रम सांगतात, त्यांच्यातली अंतरे सारखी नाहीत. ९ आणि १० यांत एकाचाच फरक दिसतो, पण प्रत्यक्षात हिरा कुरुविंदापेक्षा सुमारे चौपट कठीण आहे.

या उतरंडीत दागिन्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा ७ हा आहे, कारण आपल्या भोवतीच्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे सूक्ष्म कण असतात. खानदेशातल्या चैत्र-वैशाखात वावटळी उठतात, घरात खिडकीच्या चौकटीवर रोज धुळीचा थर बसतो आणि तोच थर दागिन्यावरही बसतो. आपण तो पदराच्या टोकाने किंवा रुमालाने कोरडाच पुसतो. ७ पेक्षा कमी कठीण असलेल्या खड्याच्या दृष्टीने असे पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच असते, कारण कापडाखाली दबलेला प्रत्येक कण एक बारीक रेघ ओढतो. एक रेघ डोळ्यांना दिसत नाही. अशा हजारो रेघा जमल्या, की आपण म्हणतो खडा अंध झाला.

याचे एक उदाहरण तर आपल्या तोंडातच आहे. दातांचे वरचे वेष्टन ज्या खनिजाचे असते ते अ‍ॅपेटाइटच्याच कुळातले आहे आणि त्याची कठिनता साधारण ५ आहे. कळण्याची भाकरी खाताना पिठात राहिलेला एखादा वाळूचा कण दाताखाली आला, की अंगावर शहारा येतो, कारण ७ कठिनतेची वाळू त्या क्षणी ५ कठिनतेच्या दातावर घासत असते. निळ्याशार अ‍ॅपेटाइटची अंगठी बोटात घालून रोज पीठ मळणे, भांडी घासणे आणि मोटारसायकलचे हँडल धरणे म्हणजे त्या खड्याला रोज वाळू चावायला लावण्यासारखे आहे.

आता या उतरंडीवर आपल्या आवडीचे रंगीत खडे कुठे बसतात ते पाहू. कहरुबा, म्हणजे झाडाचा अश्मीभूत झालेला चीक, २ ते २.५. मोती २.५ ते ४.५. पोवळे ३ ते ४. हिरव्या वलयांचा मॅलाकाइट आणि गुलाबी ऱ्होडोक्रोसाइट ३.५ ते ४. जांभळा-हिरवा फ्लोराइट ४. अ‍ॅपेटाइट ५. लाजवर्द म्हणजे लॅपिस लाझुली ५ ते ५.५. फिरोजा ५ ते ६. ओपल ५.५ ते ६.५. पाचूसारखा दिसणारा क्रोम डायोप्साइड ५.५ ते ६. टांझानाइट ६ ते ७. नवरत्नांतले मोती आणि पोवळे या यादीत आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण मऊ रत्ने जपून वापरायची कला आपल्याकडे नवी नाही. आपण ती मोत्यांपुरती लक्षात ठेवली आणि नव्या रंगीत खड्यांच्या बाबतीत विसरलो.

कठिनता म्हणजे मजबुती मात्र नव्हे, आणि बहुतेक घोटाळे हा भेद न कळल्यामुळेच होतात. हिऱ्यावर ओरखडा निघत नाही, पण हातोडीच्या घावाने हिरा फुटतो. याउलट जेड हा दगड कठिनतेत स्फटिकापेक्षाही खाली आहे, पण त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की घाव सोसण्यात तो हिऱ्यालाही मागे टाकतो. घाव सोसण्याच्या या गुणाला चिवटपणा म्हणावे. त्याच्याही पलीकडे एक तिसरी गोष्ट आहे, तिला खनिजशास्त्रात पाटन म्हणतात. लाकडाचा ओंडका उभ्या रेषेत सहज चिरतो आणि आडवा चिरत नाही, तसेच काही स्फटिकांत अणूंची रचना ठराविक पातळ्यांवर सैल बांधलेली असते, आणि त्या पातळ्यांवर थोडा जरी ताण आला तरी खडा आरशासारखा गुळगुळीत फाटतो. फ्लोराइटमध्ये अशा चार दिशा आहेत. त्याच्यावर कोणत्याही बाजूने टोकदार दाब आला, तर चारपैकी एखादी दिशा त्या दाबाला जवळची सापडतेच. कायनाइट या निळ्या खड्याचे प्रकरण आणखी वेगळे आहे, कारण त्याची कठिनता लांबीच्या दिशेने ४.५ ते ५ आणि आडव्या दिशेने ६.५ ते ७ असते. कायनाइटच्या खाणी आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यात आहेत, पण तिथला माल मुख्यत्वे भट्ट्यांच्या विटांसाठी वापरला जातो.

फ्लोराइटविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण रंगाच्या मोहात पाडणाऱ्या मऊ खड्यांत त्याच्यासारखा दुसरा नाही. एकाच खड्यात जांभळा, हिरवा, निळसर आणि पांढरा असे पट्टे असतात, आणि काही फ्लोराइट अतिनील प्रकाशात स्वतःच उजळून निघतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली या उजळण्याला ‘फ्लुओरेसन्स’ हे जे इंग्रजी नाव दिले ते या खनिजाच्या नावावरूनच. नंदुरबार जिल्ह्याची सीमा ओलांडून नर्मदेच्या पलीकडे गेले, की गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबा डोंगर नावाचे ठिकाण लागते, आणि तिथे फ्लोराइटचे मोठे साठे आहेत. तो माल प्रामुख्याने कारखान्यांकडे जातो. दागिन्यासाठी फ्लोराइट निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकाश आत वळवण्याची त्याची क्षमता कमी आहे. हे मोजण्याच्या अपवर्तनांकाचा विचार केला तर फ्लोराइटचा अंक १.४३, स्फटिकाचा १.५५ आणि हिऱ्याचा २.४२ आहे. त्यामुळे फ्लोराइटला कितीही पैलू पाडले तरी त्यात हिऱ्याची चमचम येणार नाही. त्याची किंमत रंगाच्या खोलीत आणि स्वच्छपणात आहे. पातळ, उथळ कापलेला फ्लोराइट काचेच्या तुकड्यासारखा निर्जीव दिसतो, म्हणून तळ खोल ठेवलेला खडा घ्यावा. चांगला कारागीर त्याचा वरचा सपाट पैलू पाटनाच्या पातळीला समांतर न ठेवता काही अंशांनी तिरका ठेवतो, कारण समांतर ठेवला तर पॉलिश नीट बसत नाही आणि पापुद्रे निघतात.

हे वाचून कोणी म्हणेल, की मग आपल्याच मातीतले खडे का घेऊ नयेत? जगभरातले खनिजसंग्राहक जळगावचे नाव सोन्यासाठी नव्हे, दगडांसाठी ओळखतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याने अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट अशी खनिजे वाढवली, आणि खाणीत सुरुंग लावला की ती पोकळी उघडी पडते. व्हॅनेडियममुळे हिरवा झालेला अपोफिलाइट पाहिला, की पाचू विसरायला होतो. तरीही माझे स्पष्ट मत आहे, की तो दागिन्यात बसवू नये. त्याची कठिनता ४.५ ते ५ आहे, त्याचे पाटन एका दिशेने अगदी सहज होते, आणि त्याच्या रचनेत पाणी असते. तापवला, की तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि त्याचे ग्रीक नावही पानासारखे सुटणे याच अर्थाचे आहे. स्टिल्बाइटचा केशरी-गुलाबी रंग तितकाच मोहक आहे, पण त्याची कठिनता ३.५ ते ४ इतकीच आहे. हे दगड काचेच्या कपाटात जसे निघाले तसेच ठेवावेत. त्यांना पैलू पाडले, की त्यांचे जे खरे वैभव आहे, म्हणजे निसर्गाने घडवलेला स्फटिकाचा आकार, तेच नाहीसे होते.

आता निवडीकडे वळू. खडा हातात घेतला, की दहापट मोठे दाखवणारे भिंग मागावे. दुकानदाराने नाही म्हटले तर दुसरे दुकान पाहावे. भिंगाखाली पहिल्यांदा पैलूंच्या कडा पाहाव्यात. न वापरलेल्या खड्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असल्या पाहिजेत. दुकानात पुडीतच घासून त्या बोथट झाल्या असतील, तर बोटात घातल्यावर काय होईल हे वेगळे सांगायला नको. दुसरे म्हणजे आतल्या चिरा पाहाव्यात, आणि त्यातही काठापर्यंत आलेल्या चिरा. आत खोल असलेली धुरकट रेघ दिसायला वाईट असली तरी फारसा धोका करत नाही, पण कडेला उघडलेली सरळ चीर म्हणजे पाटनाने केलेली सुरुवात असते, आणि जडाईचा पहिला दाब नेमका तिथेच पडतो. आत गोल बुडबुडे दिसले, तर तो खडा काचेचा असण्याची शक्यता मोठी. नखाने, सुईने किंवा कानशीने ओरखडून परीक्षा करणारे लोक अजूनही आहेत. घासलेल्या खड्यावर अशी परीक्षा कधीही करू देऊ नये, कारण ती खडा मऊ आहे हे सिद्ध करते आणि त्याच क्षणी तो बिघडवते.

रंग तीन उजेडांत पाहावा, म्हणजे दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली, घरातल्या ट्यूबसारख्या उजेडात आणि बाहेर सावलीत. दुकानातले दिवे रंग फुलवण्यासाठीच लावलेले असतात. क्रोम डायोप्साइडच्या बाबतीत तर लहान खडाच घ्यावा, कारण त्याचा हिरवा इतका गडद असतो, की दोन कॅरेटच्या पुढचा खडा बहुधा काळपट दिसतो (सोन्याचे कॅरेट शुद्धता सांगते, खड्याचे कॅरेट वजन). पाचूच्या जागी पाचूसारखा रंग हवा असणाऱ्यांना हा खडा परवडतो, आणि कानांतल्या टॉप्समध्ये तो फार सुंदर दिसतो.

रंगवलेल्या मालाचा प्रश्न अपारदर्शक खड्यांत जास्त येतो. हाउलाइट नावाचा पांढरा, रेघारेघांचा दगड निळ्या रंगात बुडवून फिरोजा म्हणून विकला जातो, आणि खरा फिरोजाही सच्छिद्र असल्यामुळे त्यात राळ मुरवून तो घट्ट केलेला असतो. राळ मुरवणे ही फसवणूक नाही, पण ते सांगितले गेले पाहिजे आणि किमतीत दिसले पाहिजे. निऑनसारख्या निळ्या अ‍ॅपेटाइटला ‘पराइबा’ हे नाव लावणे मात्र सरळ फसवणूक आहे, कारण पराइबा हा तुरमळी म्हणजे टूर्मलिन या रत्नाचा अत्यंत महाग प्रकार आहे. अ‍ॅपेटाइट या नावाचा मूळ ग्रीक अर्थच फसवणारा असा आहे, कारण तो इतर रत्नांसारखा भासे आणि जुन्या अभ्यासकांनाही चकवत असे. किंमत मोठी असेल तर जयपूरच्या किंवा मुंबईच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेकडून प्रमाणपत्र घ्यावे, आणि खर्च वाचवण्यासाठी ही पायरी गाळू नये.

आकाराची निवड ही खरे तर निम्मी जडाई आहे. टोकदार पानाचा, थेंबाचा किंवा चौकोनी खडा मऊ जातीत टाळावा, कारण टोकावर दाब एकवटतो आणि ते आधी उडते. गोल किंवा लंबगोल खडा दाब वाटून घेतो. त्याहूनही चांगला म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखा घासलेला खडा, ज्याला बाजारात कॅबोशॉन म्हणतात. सपाट पैलूवर पडलेला ओरखडा आरशावरच्या रेघेसारखा लगेच दिसतो, पण घुमटावरचा ओरखडा नजरेत भरत नाही, आणि पुढे कधी तो पुन्हा घासून घेतला तर खडा थोडाच लहान होतो. मॅलाकाइट, लाजवर्द, फिरोजा आणि पोवळे हे खडे कॅबोशॉनमध्येच शोभतात. मॅलाकाइट घासताना उडणारी तांबेयुक्त भुकटी फुफ्फुसाला घातक असते, म्हणून तो ओला ठेवून आणि तोंडाला मास्क बांधून घासला गेला पाहिजे. ज्याच्याकडून आपण काम करून घेतो त्या कारागिराच्या श्वासाची काळजी आपणही केली पाहिजे.

खडा निवडला, आता दागिना. इथे नियम सोपा आहे. हात सर्वांत जास्त आपटतात, गळा कमी आणि कान सर्वांत कमी. म्हणून ५ आणि त्याखालच्या खड्यांसाठी कुड्या, टॉप्स, झुमके, पदक, तन्मणीचे खोड, चिंचपेटीची मधली जागा या गोष्टी योग्य. अंगठी, पाटली, तोडे आणि बाजूबंद यांत ते बसवू नयेत. अंगठीच हवी असा हट्ट असेल, तर ती लग्नकार्यात घालायची अंगठी आहे असे मनाशी ठरवूनच करावी, आणि खडा सोन्याच्या कडेपेक्षा वर येणार नाही असा खोल बसवावा, म्हणजे टेबलावर हात आपटला तर घाव सोन्याला लागेल. आणखी एक उपाय आहे. मऊ खड्याच्या पातळ चकतीवर स्वच्छ स्फटिकाची टोपी चिकटवून एकसंध खडा तयार करतात, आणि ओपलमध्ये ही पद्धत सर्रास दिसते. वरचा थर ७ कठिनतेचा झाल्याने धुळीपासून बचाव होतो, पण चिकटवलेला जोड पाण्यात बुडवून ठेवू नये, आणि असा खडा अखंड म्हणून विकला जाऊ नये.

बसवण्याच्या पद्धतींत आज दुकानांत सर्वांत जास्त दिसते ती नखांची बैठक, म्हणजे प्राँग. चार किंवा सहा नखे खड्याला वरून धरतात, प्रकाश सर्व बाजूंनी आत जातो आणि सोने कमी लागते. स्फटिक, पुष्कराज, नीलम यांना ती उत्तम. पण मऊ खड्याच्या कडेवर प्रत्येक नख एका बिंदूवर दाब टाकते, आणि पाटन असलेल्या खड्याला नेमका तोच सोसत नाही. शिवाय १८ कॅरेटचे सोने कडक आणि थोडे उसळणारे असते, त्यामुळे नख वाकवताना जास्त जोर लावावा लागतो. मऊ खड्याला सगळ्या बाजूंनी सारखी कड लावणारे बंद घर हवे, ज्याला कारागीर बेझल म्हणतात. त्यासाठी सोने जितके शुद्ध तितके मऊ आणि तितके सोयीचे, त्यामुळे २२ कॅरेटची आपली आवड इथे कामाची ठरते. चांदीत करायचे असेल तर कडेसाठी शुद्ध चांदीची पट्टी वापरावी. घराचा तळ खड्याच्या तळाशी तंतोतंत जुळला पाहिजे. खाली एक कण जरी राहिला, तरी वरून दाबताना खडा त्या कणावर टेकून फुटतो. कड दाबताना एका टोकापासून सुरुवात करून गोल फिरायचे नसते. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग त्यांच्या आडव्या दोन बाजू, मग मधल्या जागा, असे थोडे थोडे करत कड आत घ्यायची असते, म्हणजे खडा सरकत नाही. हातोडी किंवा यांत्रिक ठोकणी इथे वर्ज्य आहे. कानशीची कठिनता साधारण ६.५ असते, म्हणून तिचा एक ओझरता स्पर्शही खड्यावर खूण ठेवतो. पॉलिशच्या चाकावर लावायचा त्रिपोली दगडही सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचा असतो. म्हणून घर घासून, उजळून, पूर्ण तयार झाल्यावरच खडा आत जावा.

हाच विचार आपल्या कोंदणात शतकांपूर्वी पोचलेला आहे. कोंदणकामात आधी दागिन्याचा घाट घडवतात, डाग देऊन म्हणजे आगीत झाळून जोड पक्के करतात, मीनाकाम असेल तर तेही भट्टीतून काढून घेतात, आणि आगीचे सारे काम संपल्यावर जडिया म्हणजे खडे जडवणारा कारागीर पुढे येतो. घरात लाख भरली जाते, खड्याखाली डांक म्हणजे धातूचा चकचकीत पातळ पत्रा घालून तो लाखेत बसवला जातो, आणि मग अतिशय शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती सळईने दाबत नेतात. इतके शुद्ध सोने पृष्ठभागावर गंजत नाही, त्यामुळे त्याचे थर केवळ दाबाने, आगीशिवाय, एकमेकांत मिसळून एक होतात. आग नाही, घाव नाही, बिंदूवर दाब नाही. मऊ खड्यासाठी याहून हळुवार बैठक मला माहीत नाही, आणि आपल्या भागातले तरुण कारागीर ही कला सोडून केवळ तयार साच्यांच्या मागे जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. डांकेचा आणखी एक फायदा आहे. फ्लोराइटसारख्या कमी चमकीच्या खड्याला खालून परतणारा उजेड मिळतो आणि रंग दुप्पट उठून दिसतो. बंद तळामुळे घामही खड्याच्या पाठीला लागत नाही. अट एकच, की लाखेला उष्णता सोसत नाही. साधारण ७० अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते, म्हणून भुसावळच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कोंदणाचा दागिना ठेवू नये, आणि गरम पाण्यात तर कधीच बुडवू नये.

उष्णतेचा विषय निघाला आहे, तर माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. आईची पोवळ्याची अंगठी मागच्या बाजूला तुटली होती. दुरुस्तीला दिली तेव्हा कारागिराने घाईत खडा न काढताच जोडाला डाग दिला. सोन्याचा डाग वितळण्यासाठी सातशे अंशांच्या पुढे जावे लागते. अंगठी परत आली तेव्हा पोवळ्याचा लाल रंग करड्या डागांनी भरला होता आणि बोटाने चोळले तर भुकटी निघत होती. पोवळे म्हणजे मूळचा चुनखडीचाच प्रकार, त्याला ती आग सोसणार नव्हती. तेव्हापासून दुरुस्तीच्या पावतीवर ‘खडा काढून डाग द्यावा’ असे मी लिहून घेतो. हे मोती, ओपल, फिरोजा, मॅलाकाइट, फ्लोराइट, टांझानाइट या सगळ्यांना लागू आहे. टांझानाइटचा निळा रंग मुळात तापवूनच आणलेला असतो, तरीही अचानकच्या गरम-थंडाने तो तडकतो.

ओपलच्या बाबतीत आपले हवामानच परीक्षा घेते. त्याच्या रचनेत पाणी असते, आणि कोरड्या, तापलेल्या हवेत ते घाईने निघून गेले तर वर जाळीदार तडे पडतात. जयपूरच्या बाजारात हल्ली इथिओपियाचे ओपल मुबलक दिसते. ते तर उलट पाणी शोषून घेते आणि काही काळ काचेसारखे पारदर्शक होते. वाळल्यावर रंग परत येतात, पण शोषलेल्या पाण्यात हळद, मेंदी किंवा तेल असेल तर डाग तसाच राहतो. म्हणून हळदीच्या दिवशी ओपल आणि फिरोजा घालू नये, हे नववधूच्या आईला सांगून ठेवावे.

घरातल्या स्वच्छतेविषयी एकच इशारा द्यायचा आहे, पण तो गंभीर आहे. तांब्या-पितळेची भांडी आणि चांदीही आपण चिंच, लिंबू किंवा आमसुलाने उजळतो. मोती, पोवळे, मॅलाकाइट, ऱ्होडोक्रोसाइट ही सर्व कार्बोनेट खनिजे आहेत आणि आंबटाने ती विरघळतात. चकाकी आणायला लावलेली चिंच वरचा पॉलिश केलेला थरच खाऊन टाकते. अत्तर, केसांचे तेल आणि घाम यांचाही असाच हळूहळू परिणाम होतो, म्हणून दागिना सर्वांत शेवटी घालावा आणि सर्वांत आधी उतरवावा. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, मग ओलसर मऊ कापडाने पुसावे, एवढेच पुरे. रिठ्याच्या पाण्यात नुसते सोने भिजवावे, सच्छिद्र खडे नव्हेत. दुकानातली कंपनाने साफ करणारी यंत्रे आणि वाफेचे फवारे या खड्यांसाठी नाहीत. डब्यात प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ पुडीत असावा, कारण हिऱ्याची कुडी शेजारच्या फ्लोराइटला एका प्रवासात रेघारेघांचा करू शकते.

बिल घेताना खड्याचे वजन सोन्यापासून वेगळे लिहून घ्यावे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि हे वजन सोन्याच्या भावात मोजले गेले तर नुकसान ग्राहकाचे होते. कोंदणात लाखेचेही वजन असते, तेही वेगळे काढायला सांगावे. २०२१ साली सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाव दागिने त्यातून वगळले गेले, त्यामुळे अशा दागिन्यात सोने किती कॅरेटचे आहे, खडा कोणता आहे आणि त्यावर रंग, राळ किंवा तापवण्याची प्रक्रिया झाली आहे का, हे तिन्ही बिलावर शब्दांत असणे आपल्याच हिताचे आहे.

दरवर्षी सणासुदीला दागिने बाहेर काढताना प्रत्येक खड्याचा दागिना कानाजवळ धरून बोटांनी हलकेच हलवून पाहावा. आत टिकटिक ऐकू आली, तर कड सैल झाली आहे किंवा खालची लाख सुटली आहे, आणि तो दागिना त्या दिवशी न घालता कापसात गुंडाळून कारागिराकडे न्यावा.